नुसतं लक्ष ठेवायचं

“मला कॅन्सर आहे,” रणवरे म्हणाले, “आणि मी त्याला काही करत नाहीये.” एवढं बोलून त्यांनी पेरूची फोड माझ्या हातावर ठेवली.

“मीठ लावलंय का?” मी विचारलं.

“लावलंय.”

मी फोड खाल्ली. समोर मैदानावर पोरी खो-खोचा सराव करत होत्या. दुसरी एखादी बाई असती तर तिच्या हातून पेरू पडला असता, हे मला कळत होतं. पण आठ दिवसांपूर्वी मी या माणसाला एक सरळ प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नव्हतं. उत्तराआधी कॅन्सर आला, म्हणून मला रागच जास्त आला.

मी कुसुम भोईटे. फलटणच्या एका मुलींच्या शाळेत खेळाची बाई होते, आदल्याच वर्षी निवृत्त झालेले. रणवऱ्यांचं बाजारपेठेत बी-बियाण्यांचं दुकान, पण पंचक्रोशीत ते ओळखले जात खो-खोचे पंच म्हणून. वीस वर्षं मी या माणसाशी मैदानावर भांडले. एकदा अंतिम सामन्यात मी भर गर्दीत ओरडले होते, “रणवरे, चष्मा बदला!” तेव्हा त्यांनी शांतपणे माझ्याच संघाला ताकीद दिली होती. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, माझे मालकही. मी निवृत्त झाल्यावर भांडायला सामने उरले नाहीत, मग आम्ही रोज सकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसून भांडायला लागलो.

आता विधुर आणि विधवा रोज एका कट्ट्यावर बसतात म्हटल्यावर फलटणने काय करायचं? बोलायचंच. भाजी घेताना बायका माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावत. मला वाटलं, एवढं बोलतायतच तर त्यांच्या तोंडचं खरं करून टाकू. म्हणून मी आठ दिवसांपूर्वी विचारलं होतं, “रणवरे, लग्न करता का माझ्याशी?” तेव्हा त्यांना ठसका लागला होता आणि “विचार करून सांगतो” म्हणून ते सायकल तिथेच विसरून चालत घरी गेले होते.

“कुठं आहे कॅन्सर?” मी विचारलं.

ते मैदानाकडे बघत म्हणाले, “प्रोस्टेटला. लघवीच्या पिशवीखाली गाठ असते ना पुरुषांना, तिथं. वर्ष होत आलं कळून.”

“आणि वर्षभर तुम्ही काय केलंत?”

“रक्त तपासलं. एमआरआय केला. सुई घालून तुकडाही तपासला. एकदम खालच्या पायरीचा आहे म्हणाले डॉक्टर. सध्या हात लावायचा नाही. दर सहा महिन्यांनी रक्त, मधूनमधून बाकीच्या तपासण्या. वाढला तर बघायचं. तोवर नुसतं लक्ष ठेवायचं.”

“कॅन्सरवर नुसतं लक्ष?”

“हां. तर तुम्ही तो प्रश्न विचारलाच नाही असं मी समजतो. माझ्याकडून काही बोलणं नाही.”

“प्रश्न मी विचारलाय. हो का नाही तेवढं सांगा.”

त्यांनी पेरूचा चाकू पुसून मिटला. मग खाली बघत म्हणाले, “बाई, तुम्ही एकदा नवरा घालवलाय.”

हे मात्र मला झोंबलं. “तो ठणठणीत होता, रणवरे! सर्दीसुद्धा व्हायची नाही त्याला. सकाळी किटली घेऊन दुधाला गेला आणि किटली घेऊन लोक परत आले. कुठल्या डॉक्टरनं लक्ष ठेवलं होतं त्याच्यावर? तुमच्यावर निदान कुणीतरी ठेवतंय. हो का नाही?”

“हो,” रणवरे म्हणाले. इतक्या हळू की पंचाचा आवाज हाच का, असं मला वाटलं.

पण मी काही भोळी नाही. ऐकीव गोष्टीवर संघ उतरवायची मला सवय नव्हती. पुढच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर पुण्याला गेले.

डॉक्टर चाळिशीचे होते, बोलायला मोकळे. त्यांनी आधी मला विचारलं, “आपण यांच्या कोण?”

“अजून कोणी नाही. व्हायचं का ते ठरवायला आलेय.”

डॉक्टर हसले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. यांचा कॅन्सर सावकाश चालणारा आहे, म्हणाले. अशा बऱ्याच जणांचा तो वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतो आणि माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातो. “पण तो कधीच हलणार नाही असं मी सांगणार नाही. म्हणून तपासणी चुकवायची नाही. हालचाल दिसली की उपचार करायचे, आणि तेव्हाही वेळ गेलेली नसते.”

“मग आत्ताच काढून टाकला तर? कटकट मिटली.”

डॉक्टरांनी रणवऱ्यांकडे बघितलं. रणवऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

“बाई, दोन मिनिटं बाहेर बसता का?”

“नाही बसत,” मी म्हणाले. “निम्मी गोष्ट ऐकायला मी फलटणहून आलेली नाही.”

मग डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन केलं तर काही महिने लघवीवर ताबा राहत नाही, काहींचा नंतरही नीट येत नाही. हे एक. दुसरंही त्यांनी तितक्याच सरळपणे सांगितलं आणि मीही सरळ ऐकून घेतलं. रणवऱ्यांचे कान लाल झाले होते. ते दुसरं काय, हे पुढे मला घरभर माणसांसमोर बोलावं लागलं, तेव्हा ते इथे लिहायची घाई नको. “गरज असताना हे सगळं सोसायचं,” डॉक्टर म्हणाले, “गरज नसताना कशाला?”

परतीच्या एसटीत रणवऱ्यांनी सासवडपर्यंत तिकिटाची नुसती घडी घातली आणि मोडली. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “पुढेमागे करावं लागलंच ऑपरेशन, तर तुम्ही फसल्यासारख्या व्हाल.”

“मी फसत नसते. करावं लागलं तर करू, आणि मग जे उरेल त्यात राहू. पण करावं लागलं तर. चिवडा खा.”

त्यांनी चिवडा खाल्ला आणि पुढे वाटेत केव्हातरी त्यांना डुलकी लागली. वर्षभर हा माणूस ही भीती एकटाच घेऊन फिरत होता, हे मला तेव्हा जाणवलं.

लग्नाचं मी माझ्या लेकीला सांगितलं. ऋतुजा कराडला दिलेली. तिला कॅन्सरचंही सांगितलं, लपवायचं काय त्यात? तिने ते सासूला सांगितलं, सासूने फलटणच्या बहिणीला, आणि दोन दिवसांत रणवऱ्यांच्या दारात लोकांची रीघ लागली. जो तो शहाळं घेऊन यायचा. खुर्चीच्या काठावर बसायचा, रणवऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा आणि निघताना त्यांचा हात दोन्ही हातांत धरायचा. रणवरे पोत्यावर पोती रचत असायचे, आणि हे त्यांना म्हणायचे, “जपा हो, ताकद राहिलीय तोवर.” एकाने गव्हांकुराचा रस आणला, एकाने कुठल्या तरी महाराजांचा अंगारा. “काहीच करत नाही म्हणजे काय?” असं विचारून विचारून सगळ्यांनी भंडावून सोडलं. आपल्याकडे माणसाने आजारावर काहीतरी केलेलं लागतं. काही नाही तर निदान उपास तरी.

मला बायका बाजूला घेऊन म्हणायच्या, “वेळेत कळलं बाई, सुटलात.” मी म्हणायचे, “सुटले कुठं, रविवारी सुपारी आहे. या.” त्यावर त्यांची तोंडं बघण्यासारखी होत.

सुपारी फोडायची म्हणजे लग्न पक्कं करायचं. दोन्हीकडची मोठी माणसं बसतात, पाटावर नारळ-विडा मांडतात, मुलीकडचा एखादा वडीलधारा पुरुष सुपारी ठेचतो, आणि ती फुटली की माघार नाही. आमच्या वयाला ते शोभतं का, हा प्रश्न ऋतुजाने विचारला होता. मी म्हणाले, चोरून काही करायचं नाही. रीतीने व्हायचं, दिवसाढवळ्या व्हायचं.

मला भीती होती ती एकाच माणसाची. रणवऱ्यांची थोरली बहीण, आक्का. सत्तरी कधीच उलटलेली. ऐन तरुणपणी नवरा गेला, ती माहेरी आली ती कायमची. तिनेच रणवऱ्यांना वाढवलं, आणि रणवऱ्यांची बायको गेल्यावर त्यांच्या मुलाला, अभिजीतलाही. त्या घरात आक्का म्हणेल ती पूर्व दिशा. कपाळ मोकळं, अंगावर फिकट लुगडं, आणि घरात मंगलकार्य असलं की ती स्वयंपाकघराच्या बाहेर यायची नाही. माझ्याशी तिचं बोलणं “या” आणि “च्या घ्या” यापलीकडे गेलेलं नव्हतं. तिच्या नजरेत मी काय असेन, याचा अंदाज मी बांधून ठेवला होता. कट्ट्यावर बसणारी, पुरुषाला स्वतःहून मागणी घालणारी बाई.

रविवारी सकाळी आम्ही रणवऱ्यांच्या घरी जमलो. आमच्याकडून मी, ऋतुजा आणि माझा थोरला भाऊ आबा. त्यांच्याकडून रणवरे आणि पुण्याहून आलेला अभिजीत. आक्का आत होती, शिऱ्याचा वास येत होता. पाट मांडला होता. आबाने टोपी सारखी केली, तांब्या हातात घेतला, सुपारी पाटावर ठेवली.

“आबा, एक मिनिट,” अभिजीत म्हणाला.

सगळे थांबले.

“नाना,” तो बापाकडे वळला, “बुधवारी तुमचं ऑपरेशन आहे. पुण्यातच, दुसऱ्या डॉक्टरांकडे. मी सगळं ठरवलंय. मंगळवारी दाखल व्हायचंय.”

“मला न विचारता?” रणवरे म्हणाले.

“विचारून वर्ष झालं! दर वेळी तुमचं एकच, लक्ष ठेवतोय. कशावर लक्ष ठेवताय? कॅन्सर आहे तो!” त्याचा आवाज चिरकला. “आईच्या वेळी पण आपण बघू, बघू म्हणत राहिलो. मी दहावीत होतो. मला आता परत ते बघायचं नाही.”

पोरगा वाईट नव्हता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. त्याच्या आईचा आजार वेगळा होता, जोराचा होता, पण भ्यालेल्या माणसाला हा फरक कसा सांगायचा? मला त्याची कीव आली आणि तरीही माझ्या मुठी वळल्या.

ऋतुजाने माझा हात धरला. “आई, अभिजीतदादा बरोबर बोलतायत. ऑपरेशन होऊ दे, काका बरे होऊ देत. मग लग्नाचं बघता येईल की. कुठं पळून चाललंय?”

आबाने तांब्या खाली ठेवला. “पोरं शानी हायत कुसुम. जीव हाय तर समदं हाय. आज जेवून जाऊ, सुपारीचं मागनं बघू.”

मी रणवऱ्यांकडे बघितलं. त्यांनी बोलावं, म्हणून वाट बघितली. हा माणूस दोन-दोन हजारांच्या गर्दीला न जुमानता निर्णय द्यायचा. पण ते सतरंजीचा धागा ओढत बसले होते.

“डॉक्टर नको म्हणतायत, अभी,” एवढंच ते म्हणाले.

“दुसरे डॉक्टर करू म्हणतायत ना! ते म्हणाले, पेशंटची इच्छा असेल तर करू. नाना, खरं सांगा, तुम्ही घाबरताय. ऑपरेशनला घाबरताय म्हणून हे लक्षबिक्ष चाललंय. भूल देतात, काही कळत नाही. लहान मुलंसुद्धा एवढी घाबरत नाहीत.”

रणवऱ्यांनी मान वर केली, ओठ हलवले, आणि परत खाली घातली. मुलासमोर, परक्या पोरीसमोर, माझ्या भावासमोर त्यांना ते बोलता येणार नव्हतं. ते भित्रे ठरायला तयार होते, पण ते दुसरं बोलायला तयार नव्हते. बुधवारी ते मुकाट जाऊन त्या खाटेवर आडवे होतील, हे मला स्वच्छ दिसलं. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“ते सुरीला घाबरत नाहीत,” मी म्हणाले.

“मॅडम, हा आमच्या घरचा…”

“ऐकून घे. ऑपरेशन झालं की नवरा-बायकोचा संबंध पुढे राहीलच, याची खात्री नसते. काहींचा राहतो, पुष्कळांचा राहत नाही. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलंय. तुझ्या वडिलांना हे तुझ्यासमोर बोलता येत नाही, म्हणून तू त्यांना भित्रा म्हणतोयस आणि ते ऐकून घेतायत. मला बोलता येतं.”

“आई!” ऋतुजा किंचाळलीच. अभिजीत फोनकडे बघायला लागला, फोन बंद होता. आबाला खोकला आला आणि खोकल्यातूनच तो म्हणाला, “अगं, वय काय तुझं?”

“एकोणसाठ. वय विचारलंस तसं मला काय पाहिजे तेही विचार ना! मी सांगते. मला नवरा पाहिजे. सेवा करायला पेशंट नकोय, आणि तोंडदेखला सोबतीही नकोय. नवरा पाहिजे. आहे तसा, आहे तोवर.”

“म्हणजे जीवापेक्षा हे जास्त?” अभिजीत म्हणाला. आता तोही चिडला होता.

“जीवावर बेतलं असतं तर मी एक अक्षर बोलले नसते. मी स्वतः त्यांना उचलून नेलं असतं आणि जन्मभर त्यांच्या उशाशी बसले असते, कसेही झाले असते तरी. पण आज जीवावर बेतलेलं नाही. आज भीती तुला वाटतेय. तुझी भीती जावी म्हणून त्यांचं अंग कापायचं नाही.”

 आत फोडणी तडतडत होती, ती थांबली. मी बोलून गेले होते. लेकीने माझा हात सोडून दिला होता. तिच्या सासरी हे संध्याकाळपर्यंत पोचणार, फलटणमध्ये त्याच्याही आधी. मला वाटलं, संपलं. शब्द परत घ्यायचे नव्हते मला, पण रणवरे आता हातचे गेले, असं वाटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात आक्का आली.

हात पदराला पुसत ती उंबऱ्यात थांबली. तिने सगळं ऐकलं होतं, हे उघड होतं. आता ही मला हात धरून बाहेर काढणार, अशी तयारी मी मनाशी केली.

“यशवंता,” ती भावाला म्हणाली, “तुजा डाक्टर नगं म्हनतोय, ह्ये खरं?”

“खरं, आक्का.”

“आन् लक्ष ठेवतोय?”

“ठेवतोय. दर सहा महिन्यांनी.”

तिने मान हलवली. मग आबाकडे वळून म्हणाली, “फोडा सुपारी.”

आबा गडबडला. “आक्का, पन पोरांचं…”

“फोडा म्हनते मी.”

आबाने अभिजीतकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात मांडीवरच ठेवला. आक्काने पदर खोचला. मग तिने उंबरा ओलांडला. मंगलकार्याच्या पाटापुढे ती माझ्या माहितीत पहिल्यांदाच येत होती. ती खाली बसली, गुडघ्यांवर हात टेकत, आणि तांब्या स्वतःच्या हातात घेतला.

“आत्या, तू?” अभिजीत म्हणाला.

“मी. का?” तिने त्याच्याकडे न बघताच सुरुवात केली. “माजं कुक्कू पुसलं तवा मी ह्या पोरीपरास ल्हान हुते,” ऋतुजाकडे हनुवटी करून ती म्हणाली. “समदी म्हनली, आमी तुजं कल्यान बगतो. म्हायेरी आनली. चूल दिली. यशवंता दिला वाडवायला, मग तू दिलास. खान्यापिन्याला कुनी कमी केलं न्हाई, वाईट बोललं न्हाई. पर तुला काय पायजे, आसं एका मान्सानं इचारलं न्हाई. आन् इचारलं आसतं तरी मला बोलता आलं नसतं. जीभ झडली आसती.” तिने माझ्याकडे बघितलं. “हिला बोलता आलं.”

मी तिच्याबद्दल काय काय ठरवून आले होते! मला खाली बघावं लागलं.

आक्काने तांब्या उचलला आणि सुपारीवर आपटला. सुपारी फुटली नाही. टणकन उडाली, सतरंजीवरून गडगडत गेली आणि अभिजीतच्या पायाशी जाऊन थांबली.

 अभिजीतने ती उचलली. मुठीत धरली. ती त्याने खिशात टाकली असती तरी त्याला अडवणारं तिथे कोणी नव्हतं. तो बापाकडे बघत होता, आणि रणवरे पहिल्यांदाच डोळे न चुकवता त्याच्याकडे बघत होते.

“अभी,” ते म्हणाले, “लागलं तर मी करीन. तुझ्या गळ्याची शपथ. तपासणी एक चुकवणार नाही. पण लागलं तर.”

“आणि वाढला तर? लगेच?”

“लगेच. मी असेन ना,” मी म्हणाले. “शेंडी धरून नेईन.”

अभिजीतने बाही डोळ्यांवरून फिरवली. “दे हिकडं, माज्या लेकरा,” आक्का म्हणाली. तो गुडघ्यांवर पुढे आला, सुपारी पाटावर ठेवली, आणि ती परत उडू नये म्हणून दोन बोटांनी धरून बसला.

“बोटं संबाळ,” आक्का म्हणाली आणि तिने तांब्या हाणला. या वेळी सुपारीचे दोन तुकडे झाले.

आबाने टोपी काढून घाम पुसला. ऋतुजा हुंदके देत होती, पण तिने माझा हात परत धरला होता. आता नवरीला कुंकू लावायचं. आक्काने करंडा माझ्याकडे सरकवला. “तुजं तू लाव.”

“तुम्ही लावा,” मी म्हणाले.

“माज्या हातानं?”

“मग कुणाच्या? सुपारी कुणी फोडली?”

तिने करंड्यात बोट बुडवलं.  कुंकू वाकडं लागलं, नाकावर सांडलं, आणि तिने ते पुसायचा प्रयत्न केला तर अजूनच पसरलं. मी तशीच बसले. उभ्या आयुष्यात इतकी ताठ मी कधी बसले नव्हते.

“तारीख कधीची धरायची?” आबाने विचारलं. सुपारी फुटल्यावर त्याच्यातला वडीलधारा परत जागा झाला होता. “दिवाळीनंतर बरं मुहूर्त हायत. भटजींस्नी इचारून…”

“माज्या लग्नाला भटजींनी पत्रिका जुळवून मुहूर्त काडला हुता,” आक्का म्हणाली. आबाने टोपी परत डोक्यावर ठेवली. मग ती अभिजीतला म्हणाली, “बुधवारची रजा काडलीयास न्हवं तू?”

“हो. बुधवार ते शनिवार.”

“मग वाया कशाला घालवायची? बुधवारच धरा.”

आणि आमचं लग्न त्या बुधवारी लागलं. भर दुपारी, बाजारपेठेतून बँड वाजवत. शहाळी आणणारे सगळे दुकानांच्या पायऱ्यांवर उभे होते. कुणाला हसावं का हात जोडावेत, ते कळत नव्हतं. अभिजीत बापाच्या शेजारून चालत होता आणि मधूनच त्याच्या दंडाला हात लावून बघत होता.

त्या लग्नाला आता सात वर्षं झाली. मधे एकदा रक्तातला आकडा वर गेला. परत एमआरआय, परत सुया. ते पंधरा दिवस आम्ही दोघं एकमेकांवर नुसते खेकसत होतो. कॅन्सर होता तिथेच निघाला. पुढच्या वेळीही तिथेच असेल असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत मला घास उतरत नाही. भीती वाटते. खूप वाटते. पण त्या भीतीपायी आम्ही एकही दिवस आधीच देऊन टाकलेला नाही.

परवा तपासणी झाली. आकडा जागच्या जागी. आम्ही घरी आलो तेव्हा टळटळीत दुपार होती. रणवऱ्यांनी चष्मा काढून ठेवला आणि खोलीचं दार आतून लावलं. थोड्या वेळाने बाहेर कुणीतरी आलं. “नाना आहेत का? तब्येत विचारायला आलो होतो.”

ओट्यावरून आक्काचा आवाज आला, ठणठणीत. “हाय की. पर आत्ता न्हाई भेटायचा. चारनंतर या.”